चार वर्षं स्विस मेड घड्याळ वापरलं: घड्याळ उत्तम, पण त्यातलं स्विस नेमकं किती?

घड्याळ चांगलंय, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं वाचून वाटेल की पैसे वाया गेले म्हणून चिडून लिहिलंय. २०२१ च्या उन्हाळ्यात स्वित्झर्लंडमधल्या लुसर्नला तलावाजवळच्या एका दुकानातून घेतलं, १,४५० फ्रँकला. स्टीलचं, ऑटोमॅटिक, निळी डायल, ४० मिलिमीटरची केस. तेव्हापासून रोज हातात आहे, हात धुताना, पावसात, डोंगर चढताना, आणि काचेवर अजून एक ओरखडा नाही. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण माझी तक्रार त्या एका कंपनीपुरती नाहीच, या किमतीतल्या कित्येक घड्याळांना ती तशीच लागू पडेल.

झालं असं की यंदा ते दिवसाला वीसेक सेकंद मागे पडायला लागलं. कंपनीच्या सर्व्हिसला सहा आठवडे लागणार म्हणाले, म्हणून बील नावाच्या स्विस शहरातल्या एका म्हाताऱ्या घड्याळजींकडे घेऊन गेलो. त्यांनी माझ्यासमोरच मागचं झाकण उघडलं. वर रोटरवर, म्हणजे हात हलला की फिरून चावी देणाऱ्या चकतीवर, कंपनीचं नाव, छान कोरलेलं, कंपनीच्या वेबसाइटवर या मूव्हमेंटला, म्हणजे आतल्या मशीनला, त्यांनी स्वतःचा खास नंबरसुद्धा दिलाय, पण घड्याळजींनी भिंग माझ्या हातात दिलं आणि बॅलन्सजवळ, म्हणजे त्या डोलणाऱ्या चाकाजवळ, बघा म्हणाले, तर तिथे बारीक सेलिटाचा शिक्का. म्हणजे आतमध्ये सेलिटाची एसडब्ल्यू २००-१. यात वाईट काही नाही, सेलिटा ही मूव्हमेंट बनवणारी, ला शो-द-फों या स्विस शहरातली कंपनी आहे, १९५० पासूनची, आणि ही मूव्हमेंट म्हणजे ईटीए या दुसऱ्या स्विस मूव्हमेंट कंपनीच्या २८२४-२ च्याच डिझाइनवर बनवलेली, तिच्यात २५ ज्वेल (झीज कमी करणारे माणकाचे खडे) असतात हिच्यात २६, तासाला २८,८०० ठोके. दणकट काम आहे, जगात कुठल्याही घड्याळजीला दुरुस्त करता येतं. मला वाईट एवढंच वाटलं की हे मला दुकानात कुणी सांगितलं नव्हतं.

मग मी सहज विचारलं की बाकीचं सगळंही इथलंच ना, केस, डायल, काटे? तर ते म्हणाले, "मूव्हमेंट इथलीच आहे, एवढं मी सांगू शकतो. बाकीचं अंग कुठून आलंय ते तुम्ही कंपनीला विचारा, बघा काय सांगतात."

विचारलं. साधा, नम्र मेल लिहिला, चारच प्रश्न, केस कुठे बनते, डायल कुठे, काटे कुठे, ब्रेसलेट कुठे. नऊ दिवसांनी उत्तर आलं की आमची सर्व घड्याळं स्विस मेडच्या कायद्यातले सर्व निकष पूर्ण करतात आणि सप्लायरची माहिती गोपनीय असते. एवढंच. चारपैकी एकाही प्रश्नाचं उत्तर नाही, आणि मला वाटतं इथूनच खरा रिव्ह्यू सुरू होतो, कारण घड्याळ घेताना मी नुसतं घड्याळ घेतलं नव्हतं, सहाच्या आकड्याखालच्या स्विस मेड या दोन शब्दांचेही पैसे दिले होते.

तर ते दोन शब्द काय म्हणतात ते नीट समजून घेतलं. स्विस मेडचा नियम १९७१ चा आहे. त्यात मुख्य भर मूव्हमेंटवर होता, म्हणजे मूव्हमेंट स्विस असावी, ती केसमध्ये बसवणं आणि शेवटची तपासणी स्वित्झर्लंडमध्ये व्हावी, झालं. केस, डायल, काच, काटे कुठूनही आणा, कुणी विचारत नव्हतं. मग २००७ मध्ये घड्याळवाल्यांच्या फेडरेशननेच मागणी केली की हे कडक करा, मेकॅनिकल घड्याळांना ८० टक्के आणि बाकीच्यांना ६० टक्के अशी अट ठेवा. त्यावर दहा वर्षं खल झाला, स्वस्त घड्याळं बनवणाऱ्यांनी विरोध केला की आम्ही बुडू, आणि शेवटी १ जानेवारी २०१७ पासून जे लागू झालं ते सगळ्यांना सरसकट ६० टक्के.

आता हे ६० टक्के कशाचे, ते बघा, सगळी गोम इथे आहे. भागांच्या संख्येचे नाहीत, वजनाचे नाहीत, तर उत्पादन खर्चाचे. आणि त्या खर्चात नुसते सुटे भाग येत नाहीत, जोडणीची मजुरी येते, तपासणी येते, संशोधन येतं. पॅकिंग, वाहतूक, जाहिरात धरत नाहीत, आणि जे निसर्गातच तिथे मिळत नाही, उदाहरणार्थ हिरे, तेही हिशोबातून वगळतात. स्वित्झर्लंडमधला पगार जगात सगळ्यात जास्त असलेल्यांपैकी, त्यामुळे तिथे एका माणसाने तासभर बसून घड्याळ जोडलं आणि तपासलं की टक्का भराभर वर चढतो, आणि आशियातून आलेली केस कितीही नीट बनवलेली असली तरी स्वस्त असते म्हणून तिचा टक्का छोटा राहतो. समजा एखादं घड्याळ बनवायला ३०० फ्रँक खर्च येतो. १८० फ्रँक स्वित्झर्लंडमध्ये खर्च झाले की काम झालं, उरलेल्या १२० फ्रँकमध्ये केस, डायल, काटे, काच सगळं बाहेरून आणता येतं. आणि खुद्द मूव्हमेंटलासुद्धा खर्चाची हीच ६० टक्क्यांची अट, शिवाय तिच्या सुट्या भागांच्या किमतीपैकी निम्मी स्विस असली की पुरते. म्हणजे हातात घेतल्यावर आपल्याला जे जे डोळ्यांना दिसतं आणि बोटांना लागतं, त्यातलं काहीच तिथलं नसलं तरी लेबल पूर्णपणे कायदेशीर!

उरलेल्या ४० टक्क्यांचं काय, तर ते कुठून आले हे गिऱ्हाइकाला सांगण्याचं बंधन कायद्यात नाही. त्यामुळे चोरून परदेशी भाग वापरतात असं म्हणणं बरोबर नाही, चोरी नाहीच ती, पण सांगतही नाहीत, आणि विचारलं तरी सांगत नाहीत, हे मी स्वतः अनुभवलं.

हे फक्त मलाच खटकतंय असं नाही. राइनफॉल धबधब्याजवळच्या नॉयहाउझेनमध्ये एच. मोझर अँड सी म्हणून छोटी पण फार वरच्या दर्जाची कंपनी आहे. त्यांनी २०१७ मध्ये, नवा नियम आला त्याच महिन्यात, जाहीर केलं की ही अट इतकी ढिली आहे की आम्ही आमच्या डायलवरून स्विस मेड हे शब्दच काढून टाकतोय, आमची घड्याळं ९५ टक्क्यांहून जास्त स्विस आहेत आणि आम्हाला या लेबलची गरज नाही. आणि ते लोकांपर्यंत पोचावं म्हणून एक घड्याळ बनवलं ज्याची केस चक्क स्विस चीजची, व्हाशराँ मों-दॉर चीज रेझिनमध्ये घट्ट करून, पट्टा स्विस गायीच्या कातड्याचा. किंमत ठेवली १०,८१,२९१ फ्रँक, कारण स्वित्झर्लंडचा स्थापना दिवस १ ऑगस्ट १२९१. मला या माणसांबद्दल मनापासून आदर वाटतो. जो खरोखर जवळजवळ सगळं तिथेच बनवतो तो लेबल सोडतो आणि जो जेमतेम ६० ला पोचतो तो लेबल मोठ्या अक्षरात छापतो, ही परिस्थिती चांगली नाही.

दुसरं उदाहरण २००९ चं, टॅग ह्यूअर या स्विस कंपनीचं. त्यांनी कॅलिबर १८८७ नावाची क्रोनोग्राफ, म्हणजे स्टॉपवॉचवाली, मूव्हमेंट आणली, आमची स्वतःची म्हणून गाजावाजा झाला, पण घड्याळांचा अभ्यास करणाऱ्यांनी फोटो बघूनच ओळखलं की हिची रचना जपानच्या सेकोच्या मूव्हमेंटसारखी दिसते. मग कंपनीने मान्य केलं की सेकोच्या टीसी७८ डिझाइनचे हक्क आम्ही विकत घेतलेत, त्यात बदल केलेत आणि उत्पादन स्वित्झर्लंडमध्ये करतोय. यात मला जपानी डिझाइन घेण्यात काहीच चूक दिसत नाही. सेको म्हणजे काय ऐरीगैरी कंपनी आहे का, १९६९ च्या ख्रिसमसला जगातलं पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विकायला काढणारे ते, ज्याने अख्खा स्विस धंदा हलला, १९७० च्या सुमारास नव्वद हजार कामगार होते ते ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत तीसेक हजारांवर आले. अशांकडून चांगली गोष्ट घेतली तर पहिल्याच दिवशी मोकळेपणाने सांगायचं ना! माझ्यासारख्या गिऱ्हाइकाला उलट भरवसा वाटला असता.

आणि थोडं खोलात गेलं की कळतं, शंभर टक्के एकाच देशाचं असं घड्याळ ही कल्पनाच अवघड आहे. अंधारात चमकणारं ते सुपर-ल्युमिनोव्हा घ्या, मूळ शोध जपानच्या नेमोटो कंपनीचा, १९९३ चा, रेडियम आणि ट्रिशियमसारखे किरणोत्सर्गी रंग त्याच्यामुळे मागे पडले, स्वित्झर्लंडमध्ये ते नंतर जपान्यांच्याच भागीदारीत आलं. कृत्रिम माणिक आणि नीलम, ज्यांच्यापासून ज्वेल आणि न ओरखडणारी काच बनते, ते बनवायची रीत १९०२ मध्ये व्हर्नई या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने मांडली. महागड्या पट्ट्यांचं अ‍ॅलिगेटर कातडं अमेरिकेतून, लुइझियानातून येतं. फ्रान्सच्या सीमेवरच्या ज्युरा भागातल्या स्विस कारखान्यांत रोज सकाळी फ्रान्समधून सीमा ओलांडून कामगार येतात. पाटेक फिलिप कंपनीचा पाटेक पोलंडचा होता, रोलेक्सचा संस्थापक हान्स विल्सडॉर्फ जर्मनीत जन्मलेला आणि त्याने धंदा सुरू केला तो लंडनला. मालकीचं तर विचारूच नका, फ्रेडरिक कॉन्स्टन्ट २०१६ पासून जपानच्या सिटिझनकडे आहे, इटेर्ना २०११ मध्ये आणि कोरम २०१३ मध्ये चिनी मालकांकडे गेल्या होत्या. मालक कुठला याचा लेबलशी संबंधच नाही.

मग सगळेच सारखे का? नाही. रोलेक्ससारखी कंपनी सोनंसुद्धा स्वतः ओतते, मूव्हमेंट बीलला, डायल जिनिव्हाजवळ शेन-बूरला, बालकमानीही (बॅलन्सची केसासारखी बारीक कमान) स्वतःची. वरच्या किमतीत बरेच जण केस आणि डायलचे कारखानेच विकत घेऊन बसलेत, तिथे शंका घ्यायला फारशी जागा नाही. शंका आहे ती माझ्यासारख्यांनी घेतलेल्या मधल्या आणि खालच्या किमतीत, जिथे माणूस दोन-तीन पगार साठवून आयुष्यातलं पहिलं चांगलं घड्याळ घेतो, आणि त्यालाच सगळ्यात कमी सांगितलं जातं. हे मला खरंच लागलं.

घेणाऱ्यांसाठी दोन-चार गोष्टी, मी ज्या उशिरा शिकलो. डायलवर स्विस मूव्हमेंट असं लिहिलं असेल तर ते स्विस मेड नव्हे, त्याचा अर्थ फक्त आतली मशीन स्विस. क्रोनोमीटरचं सर्टिफिकेट देते ती सीओएससी ही स्विस तपासणी संस्था, त्यात मूव्हमेंट १५ दिवस पाच पोझिशनमध्ये आणि तीन तापमानांत तपासतात, सरासरी दिवसाला उणे ४ ते अधिक ६ सेकंदांत बसली पाहिजे, हे वेळ किती अचूक त्याचं प्रमाणपत्र आहे, केस-डायल कुठल्या त्याचं नाही. संपूर्ण स्विसच हवं असेल तर कालिते फ्लुरिए नावाचं प्रमाणपत्र आहे, त्यात घड्याळ शंभर टक्के तिथलंच लागतं, पण ती घड्याळं फार थोडी आणि फार महाग. बाकी दुकानात सरळ विचारा, मूव्हमेंट कुणाची, केस कुठे बनते. चांगला दुकानदार पहिलं उत्तर लगेच देतो. दुसऱ्या प्रश्नाला त्याचा चेहरा बघा.

आता माझ्या घड्याळाचं. घड्याळजींनी साफ करून, तेल घालून, नीट लावून दिलं, २८० फ्रँक घेतले, आता दिवसाला अधिक ४ सेकंद जातंय. वापराला पाचपैकी साडेचार, अर्धा कापला तो ब्रेसलेटच्या क्लॅस्पसाठी, म्हणजे बंद करायच्या कडीसाठी, ती पहिल्यापासून पातळ वाटते, बंद करताना पत्र्यासारखा आवाज येतो. दिसायला पाच, ती निळी डायल सकाळच्या उन्हात बघावी, कुठेही बनलेली असो, ज्याने बनवली त्याचा हात फार चांगला आहे, त्या माणसाचं गाव कुठलं ते मला कळलं असतं तर आवडलं असतं. कंपनीच्या मोकळेपणाला पाचपैकी एक, तोही मेलला निदान उत्तर दिलं म्हणून.

परवा त्यांना पुन्हा लिहिलंय. या वेळी चार प्रश्न नाहीत, एकच, फक्त डायलचा.