बिलावरची टीसीएसची ओळ मी वाचली होती, तरी १,३६,७१० रुपये गेले

लक्षद्वीपला जायचं म्हणून आम्ही नवराबायको १० फेब्रुवारी २०२५ला सकाळी कोचीच्या नेदुंबासेरी विमानतळावर उभे होतो. लक्षद्वीपमधल्या अगत्तीला जाणाऱ्या विमानाच्या काउंटरवरच्या मुलीने आमचा पीएनआर, म्हणजे तिकिटाचा बुकिंग नंबर, दोनदा टाकून बघितला. "सर, हे बुकिंग रद्द झालंय. आणि हा परमिट नंबर दुसऱ्याच प्रवाशाचा आहे." मागे रांग होती. बायको हळूच म्हणाली, "अहो, त्या टूरवाल्याला फोन लावा ना." फोन बंद होता. तो आजपर्यंत बंदच आहे.

लग्नाला २५ वर्षं होत होती. आईच्या आजारपणात आठ वर्षं आम्ही शिर्डी-वणीच्या पुढे गेलो नव्हतो. बायकोला बंगारामला जायचं होतं. वस्ती नसलेलं बेट, भोवती उथळ निळं पाणी, खाली प्रवाळ. पाण्याची भीती घालवायला ती तीन महिने पहाटे सावरकर तलावावर पोहायला शिकत होती. हे सगळं मी त्या टूरवाल्याला सांगितलं होतं. त्याने ते ऐकून घेतलं आणि पैसे घेतले, याचा संताप मला सगळ्यात जास्त आहे.

नाशिकच्या कॉलेज रोडला त्याचा गाळा, पाटी, एसी, भिंतीवर नकाशे, दोन मुली कामाला. ओळखीतल्या एका कुटुंबाला त्याने केरळ व्यवस्थित फिरवून आणलं होतं. म्हणजे कुठल्या तरी लिंकवर बोट दाबून आम्ही फसलेलो नाही. समोर बसून, चहा घेऊन, पावती घेऊन पैसे दिले. १४ डिसेंबरला २५,००० यूपीआयने, २ जानेवारीला ७५,००० एनईएफटीने, २० जानेवारीला उरलेले ३६,७१०. मुंबई-कोची तिकिटं त्याने खरी काढून दिली. तेवढ्या खऱ्यावर पुढचं सगळं खपलं.

आता ती ओळ. मी सातपूरच्या एका कंपनीत २२ वर्षं अकाउंट्स बघतो, म्हणून हे लिहिताना हात जड होतोय. बिलावर पॅकेज १,२४,०००, त्यावर ५ टक्के जीएसटी ६,२००, आणि खाली टीसीएस ५ टक्के, ६,५१०. टीसीएस म्हणजे विकणाऱ्याने गिऱ्हाइकाकडून घेऊन सरकारकडे भरायचा आयकर, सहलींमध्ये तो परदेशी सहलीच्या पॅकेजवर लागतो. लक्षद्वीप भारतात आहे. हे मला माहीत होतं, आणि मी विचारलंही. तो म्हणाला, "काका, बेटांच्या पॅकेजला सिस्टीम आपोआप लावते. तुमच्या २६एएसमध्ये दिसेल, रिटर्न भरताना परत घ्या." २६एएस म्हणजे आपल्या नावावर जमा झालेल्या कराचा आयकर खात्याकडचा उतारा, तो शब्द त्याच्या तोंडून आला आणि मी गप्प बसलो. बायको शेजारी होती, तिचा चेहरा खुललेला होता. सहा हजारांसाठी हुज्जत कशाला, असं वाटलं. त्याच क्षणी उठायला हवं होतं! जो माणूस सरकारच्या नावाने खोटी ओळ छापतो, तो परमिटही खोटं छापणारच. रोज दुसऱ्यांची बिलं तपासणाऱ्याने स्वतःचं बिल तसंच सोडलं.

तीनपैकी दोन रकमा फर्मच्या नव्हे, एका बाईच्या बचत खात्यात गेल्या. "करंट अकाउंटची लिमिट संपलीय," हे कारण. असं कारण ऐकलंत की तिथेच थांबा.

पीएनआर मी तपासला नाही असं कोणी म्हणू नये. आला त्या दिवशी एअरलाइनच्या साइटवर दोघांची नावं दिसली होती. पैसे न भरता जागा धरून ठेवल्या तरी पीएनआर मिळतो आणि नंतर गळून पडतो, हे मला कोचीत कळलं. निघायच्या आधी पुन्हा तपासा, आणि तिकिटाचे पैसे भरले गेलेत का हे एअरलाइनलाच विचारा.

परमिटचंही तेच. बाहेरच्या माणसाला लक्षद्वीपला परवान्याशिवाय जाता येत नाही, हा नियम १९६७पासून आहे. आमचं परमिट दोन दिवसांत व्हॉट्सअॅपवर आलं. त्यासाठी मी कुठल्याही अर्जावर सही केली नव्हती. कोचीच्या विलिंग्डन आयलंडवरच्या लक्षद्वीप पर्यटनाच्या ऑफिसात गेलो, तेव्हा तिथल्या बाईंनी कागद बघताच नकारार्थी मान हलवली. तिथे एक फोन मी नाशिकहून आधीच केला असता तर!

परतीची दोन तिकिटं १७,८४६ला घेतली, कोचीतलं हॉटेल ४,२००. १२ तारखेला आम्ही घरात होतो. बायकोने बॅग तीन दिवस उघडली नाही.

तक्रारीचं काय झालं ते ऐका. विमानतळावरूनच १९३०ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला. तक्रार घेतली, पण शेवटची रक्कम जाऊन तीन आठवडे झालेले, खात्यात काही उरलं नव्हतं. बँक म्हणते, ओटीपी तुम्हीच टाकलात. पोलीस ठाण्यात गेलो तर म्हणाले हे सायबरचं. सायबरवाले म्हणाले, तुम्ही समोर बसून पैसे दिलेत, हे ठाण्याचं. परत ठाण्यात. "दिवाणी बाब आहे, कोर्टात जा." खोटं सरकारी परमिट समोर ठेवलं, तरी दिवाणी? बनावट शासकीय कागद ही कुठली दिवाणी बाब? साहेब बंदोबस्तात, साहेब रजेवर, साहेब मीटिंगमध्ये. अकरा चकरा झाल्या, दर वेळी अर्धी रजा टाकून. एका हवालदाराने तर विचारलं, "एवढे शिकलेले, मग दिलेत कशाला?" मी चोर असल्यासारखं उत्तर देत बसलो. अर्जाची पोच मागितली तर शिक्का सापडेना. पोच घेतल्याशिवाय ठाण्यातून हलू नका, आणि ऐकत नसतील तर अर्ज पोलीस आयुक्तांना स्पीड पोस्टाने पाठवा. मी तो पाठवायला दोन महिने लावले, तोवर गाळ्यावरची पाटी उतरलेली होती.

ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली आहे. पाच लाखांपर्यंत तिथे फी नाही आणि आपण राहतो त्या जिल्ह्यात दाखल करता येते. पावत्या, चॅट, बँकेचा उतारा, सगळं छापून ठेवा. त्याने काही मेसेज नंतर पुसले, माझ्याकडे स्क्रीनशॉट होते म्हणून वाचलो.

त्या गाळ्यात पैसे भरलेले आणखी लोक नाशिकमध्ये असणार. लाजेने गप्प बसले असाल, मीही सहा आठवडे भावाला सांगितलं नव्हतं. आपापला अर्ज आपापल्या ठाण्यात द्या आणि पोच घ्या. माझ्या एकट्याच्या अर्जाला ते देण्याघेण्याचं भांडण म्हणतात.