२६० जीबी, नऊ महिने आणि एक जास्तीचं अक्षर

गेल्या महिन्यात मी माझ्या स्टोरेजवाल्यांशी अकरा ईमेल भांडले. बारावा लिहायला घेतला तेव्हा कळलं की घोळ माझ्याच लॅपटॉपवर आहे. म्हणून हे लिहितेय. सुरळीत चाललेल्या गोष्टीबद्दल कोण कशाला लिहायला बसतंय?

व्यवस्था अशी आहे. लॅपटॉप, जुना लॅपटॉप आणि फोन यांच्यात फायली सिंकथिंग या ॲपने फिरतात. फायली साठवणारा सर्व्हर मधे लागत नाही, पैसे नाहीत, खातं उघडायचं नाही. फक्त दोन यंत्रं एकाच वेळी चालू नसतील तर काहीही हलत नाही, म्हणून जुना लॅपटॉप झाकण मिटून कायम चालू ठेवलाय. सिंकथिंगचं मूळ अँड्रॉइड ॲप डिसेंबर २०२४ मध्ये बंद झालं. आता दुसऱ्यांनी चालवलेली आवृत्ती वापरते, ठीक चालते.

पण तिन्ही यंत्रं एकाच घरात. शिवाय सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. एकीकडे चुकून उडवलेली फाइल बाकी दोन्हीकडूनही इमानेइतबारे उडते. म्हणून चौथी प्रत बाहेर, एका छोट्या कंपनीकडे. नुसती जागा भाड्याने: एसएफटीपी या फायली पाठवायच्या सुरक्षित मार्गाने आत जायचं, फायली ठेवायच्या, बाहेर यायचं. तिथे जाण्याआधी आरक्लोन हा फायली चढवणारा प्रोग्राम सगळं कुलूपबंद करतो. आतला मजकूरही आणि फायलींची नावंही. त्यांच्या सर्व्हरवर डोकावलं तर नुसती अक्षरांची खिचडी दिसते.

मोठ्या कंपन्यांकडे का नाही गेले? कंजूषपणा. माझ्या फायली २६० जीबी. मी पाहिलं तिथे २०० जीबीनंतरची पायरी थेट २ टीबीची. म्हणजे ६० जीबीसाठी १७४० जीबी रिकाम्या जागेचं भाडं दर महिन्याला भरा. आपल्याला नाही जमत.

मधे तीन आठवडे जुन्या लॅपटॉपवर नेक्स्टक्लाउड, म्हणजे घरच्या घरी चालवायचा क्लाउड, तोही चालवून पाहिला. दिसायला छान, कॅलेंडर-बिलेंडर सगळं. पण आमचं इंटरनेट सीजीनॅटमागे आहे, म्हणजे अनेक ग्राहकांना मिळून बाहेरचा एकच पत्ता, त्यामुळे बाहेरून घरच्या यंत्रापर्यंत थेट पोचता येत नाही. आपल्याच यंत्रांना खासगी जाळ्यात जोडणाऱ्या टेलस्केलने तो अडसर सुटला. मग अपडेट आलं, मग त्याचा डेटाबेस बघा, मग तो ज्यावर चालतो ते पीएचपी बघा. मला फायली ठेवायच्या होत्या, सर्व्हर सांभाळायची नोकरी नको होती.

तर भांडण. सातव्या महिन्यात कोटा भरत आल्याचा इशारा आला. मी जुने व्हिडिओ उडवले, जवळजवळ ४० जीबी. दुसऱ्या दिवशी पाहते तर तिकडे जागा तेवढीच भरलेली. आठवडाभर थांबले, तरी तेवढीच. मग पहिला ईमेल गेला, "तुमचं मोजमाप चुकतंय." उत्तर आलं, आकडा बरोबर आहे. मी लिहिलं, मी उडवलेलं तुम्ही लपवून ठेवता आणि त्याचं भाडं लावता. त्यावरही त्यांचा ईमेलला उत्तरं देणारा माणूस बिचारा शांतपणे फोल्डरनिहाय आकडे पाठवत राहिला. एकदा माझ्याकडची लॉग फाइल, म्हणजे आरक्लोनची रोजची नोंदवही, बघायला सांगितली, तर मी म्हटलं, "विषय बदलू नका." तेव्हा लिहून ठेवलेला रिव्ह्यू एका ताऱ्याचा होता. बरं झालं पाठवला नाही.

लॉग उघडला बाराव्या ईमेलसाठी पुरावा म्हणून. रात्री दोनला आपोआप चालणारी आरक्लोनची कमांड सात महिने तिथे लिहीत होती आणि मी एकदाही बघितलं नव्हतं. रोज त्याच ६१ फायली: नाव फार लांब आहे, चढवता आली नाही. आणि खाली रोज एक ओळ: एरर आल्यामुळे काहीही डिलीट करत नाही. आरक्लोनची ही मुळातलीच सावधगिरी आहे. सिंक करताना एक जरी फाइल अडली तरी तो पलीकडचं काहीच पुसत नाही. म्हणजे माझे ४० जीबी व्हिडिओ त्या ६१ फायलींनी अडवून धरले होते.

आणि त्या ६१ फायली सगळ्या देवनागरी नावाच्या. इंग्रजी नावाची एकही नाही. इथून पुढे मी थोडी बहकणार आहे, ज्यांना कंटाळा येईल त्यांनी शेवटच्या दोन परिच्छेदांवर उडी मारावी.

एक नमुना घ्या: "दुसऱ्या मजल्यावरच्या भाडेकराराची सही केलेली मूळ प्रत", पुढे पीडीएफचं शेपूट. सात शब्द. यातला "मजल्यावरच्या" हा एकच शब्द बघा. आपल्या डोळ्यांना अक्षरं ६: म, ज, ल्या, व, र, च्या. यंत्र मात्र हलन्त, काना सगळं सुटं मोजतं, तिथे होतात १२. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट, म्हणजे एका शब्दाचे ३६. पूर्ण नाव शेपटासकट १४८ बाइट.

लिनक्सच्या ईएक्सटी-४ या डिस्कवर फायली मांडायच्या पद्धतीत फाइलच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा असते, म्हणजे १४८ आरामात बसतात. पण आरक्लोन नाव कुलूपबंद करताना ते १६-१६ बाइटच्या ठोकळ्यांत भरतो. १४८ चे झाले १६०. मग ते बेस-३२ पद्धतीने साध्या अक्षरांत लिहितो, त्याने लांबी आठ-पंचमांश पट होते. १६० चे २५६.

मर्यादा २५५. माझं नाव २५६. एका अक्षराने!

उलटं मोजलं तर मूळ नाव १४३ बाइटच्या आत हवं. इंग्रजीत ती १४३ अक्षरं होतात, तेवढं लांब नाव कोण देतंय? मराठीत शेपूट वजा जाता जेमतेम ४६ चिन्हं, म्हणजे सहा-सात शब्दांत खेळ खलास. वरच्या नावातला "मूळ" एवढा शब्द काढला की १० बाइट वाचतात आणि फाइल गुपचूप चढते. माझ्या करारातलं "मूळ" कुणाच्या गणितात बसत नाही म्हणून काढायचं का? मी दोन दिवस यावरच चिडलेली होते. विंडोजची तशीच पद्धत, एनटीएफएस, तरी बाइट न मोजता चिन्हं मोजते, २५५ पर्यंत. तिथे मराठी-इंग्रजी एका मापात.

आता थोडं मागे घेते. चिडून मी आरक्लोनची कागदपत्रं पहिल्यांदा नीट वाचली आणि कळलं की बेस-३२ ऐवजी बेस-६४ चा पर्याय आहे. त्यात मर्यादा १७५ बाइटपर्यंत वाढते. अट एकच, पलीकडचा सर्व्हर इंग्रजीची लहान-मोठी अक्षरं (a आणि A) वेगळी मानणारा हवा, आणि माझा तसा आहे. हा पर्याय प्रगत सेटिंगमध्ये असतो. नऊ महिन्यांपूर्वी आरक्लोनने "प्रगत सेटिंग बदलायच्या का?" असं स्वच्छ विचारलं होतं आणि मी "नाही" म्हणून एंटर दाबला होता. क्रिप्टोमेटर हे असंच कुलूप लावणारं ॲप वापरलं असतं तर हा प्रश्नच आला नसता. नाव फार लांबलं की ते स्वतःच आखूड करून खरं नाव वेगळ्या फाइलमध्ये जपून ठेवतं. फोनवर मराठी नावांची कागदपत्रं ठेवणाऱ्यांनी तेच घ्यावं, असं माझं आताचं मत आहे. मला रात्री आपोआप चालणारी कमांड हवी, म्हणून मी आरक्लोनवरच राहिले.

पद्धत बदलली की जुनी नावं वाचता येत नाहीत, म्हणून जुनं पाडून सगळं नव्याने चढवलं. उरलेले २२० जीबी, अपलोड १० एमबीपीएस, साधारण ४९ तास. सहा रात्री गेल्या, आणि तेवढे दिवस बाहेर पूर्ण प्रत नव्हती म्हणून जीव टांगणीला. आरक्लोनच्याच क्रिप्टचेक कमांडने पडताळलं, सगळं जुळलं. पासवर्ड कागदावर लिहून दोन ठिकाणी ठेवलाय, कारण तो गेला तर कंपनीसुद्धा काही करू शकत नाही. आणि आरक्लोनची सेटिंग फाइल पासवर्ड नुसता गोंधळून ठेवते, कुलूप लावत नाही. त्या फाइलला वेगळा पासवर्ड द्यायला विसरू नका.

स्टोरेजवाल्यांना माफीचा ईमेल पाठवला. त्याने लिहिलं, "लॉग बघितल्याबद्दल धन्यवाद." टोमणा होता की नाही कळलं नाही, पण करार वर्षभरासाठी वाढवलाय. ६१ पैकी ६० फायली चढल्या. एक उरली, नाव १९६ बाइटचं, १७५ मध्येही न बसणारं. हट्टाने तशीच ठेवली असती, पण त्या एका एररपायी पुन्हा काहीच डिलीट झालं नसतं. तिचं नाव आता "करार २" आहे. आत काय आहे हे दर वेळी उघडून बघावं लागतं.