ठाण्याच्या नौपाड्यातला शनिवारचा चित्रगट: चार तारे

वागळे इस्टेटमध्ये २७ वर्षं फिटर होतो. अडीच वर्षांपूर्वी अर्धांगवायूने उजवी बाजू गेली. फिजिओथेरपीच्या मॅडम म्हणाल्या, डाव्या हाताला काम द्या, आणि या गटाचा पत्ता दिला. चित्रकला हा आपला प्रांत नाही, बायकोने ढकललं म्हणून गेलो.

शनिवारी चार ते सहा, एका सोसायटीचा तळमजल्यावरचा हॉल. आम्ही दहा-बाराजण. एक मुलगा व्हीलचेअरवर, दोघं कर्णबधिर, एका आजींना समोरचं दिसत नाही, फक्त कडेचं दिसतं. २०१६च्या कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत, इथे मात्र कुठला ते कोणी विचारत नाही. माझं यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र, तेव्हा आलंही नव्हतं. महिना ४०० रुपये, कागद-रंग त्यातच. चहा पांचट.

मला भावली ती सामानाची जुळवाजुळव. मूळचा फिटर ना! कागद चिकटपट्टीने पाटाला डकवलेला, पाटाखाली ओला नॅपकिन, म्हणजे एका हाताने रंगवताना काही सरकत नाही. ज्यांची मूठ वळत नाही त्यांच्या ब्रशला सायकलच्या मुठीचं रबर. ते गोल फिरायचं. मी दांड्याला सुतळी गुंडाळून घट्ट बसवून दिलं, तेव्हापासून ते खातं माझ्याकडे.

आधी वारली शिकवली. गेरूवर तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग. टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण की झाला माणूस. माझी मात्र भजी झाली. घरी काहीही दाखवलं तरी 'अरे वा' म्हणतात. इथल्या शिकवणाऱ्या ताईंनी तारप्याच्या, म्हणजे एकमेकांना धरून करायच्या नाचातल्या माझ्या एका माणसावर बोट ठेवलं, "काका, याचा हात शेजारच्यापर्यंत पोचत नाहीये. हा नाचत नाहीये, टीएमटीच्या बसची वाट बघतोय." राग आला, पण खरंच होतं. चौथ्यांदा काढला तेव्हा पोचला.

आता तक्रार. बाहेर उतार केलाय, पण टॉयलेटच्या दाराशी चार इंचांचा उंबरा. तीनदा सांगून झालं. त्यात दिवाळीआधीचं प्रदर्शन ठेवलं पहिल्या मजल्यावर, आणि लिफ्ट बंद! व्हीलचेअरवाल्या मुलाची पाच चित्रं वर आणि तो खाली. मीही वर गेलो नाही, दोघांनी वडापाव खाल्ला.

येणार असाल तर जुना शर्ट घाला, गेरूचे डाग जात नाहीत. तीन हात नाक्यावरून येणाऱ्यांनी अर्धा तास हाताशी ठेवा. पाचवा तारा उंबरा निघाल्यावर. छिन्नी-हातोडा मी आणतो.