सात सीटची गाडी, सहाच माणसं: काही महिने वापरल्यानंतरचा अनुभव

आमच्या गाडीची कागदावरची आसनक्षमता सात आहे, बेल्टही सात आहेत. घरात लहान मुलं असताना मात्र ती सहा जणांचीच गाडी आहे, असं इतके महिने वापरल्यावर मी ठामपणे सांगते.

पुढच्या दोन सीटांबद्दल तक्रार नाही. बेल्टची उंची खालीवर करता येते, खांद्यावर नीट बसतो. खरी अडचण मधल्या ओळीत येते. बाळाची मागे तोंड करून लावायची चाइल्ड सीट आणि लेकीचं बूस्टर (मुलाला उंच बसवणारी बैठक) दोन्ही कडांना लावले, की मध्ये मोठ्या माणसाला जेमतेम टेकता येतं. त्यात मधल्या बेल्टचं बकल चाइल्ड सीटच्या बुडाखाली दबतं. कसंबसं लावलं तरी बेल्ट तिरपा येतो. शिवाय चाइल्ड सीट लावलेली सीट दुमडता येत नाही, म्हणजे तिच्या बाजूनं तिसऱ्या ओळीत जायचा रस्ताच बंद.

बऱ्याच अदलाबदलीनंतर बसलेली मांडणी अशी: मधली ओळ एक रुंद आणि एक अरुंद अशा दोन भागांत दुमडते; त्यातल्या रुंद भागाच्या कडेला आयसोफिक्सवर (चाइल्ड सीट थेट गाडीला अडकवायच्या कड्यांवर) बाळाची सीट, अरुंद भाग मोकळा आणि दुमडता येणारा, तिथे सासरे. लेकीचं बूस्टर तिसऱ्या ओळीत, शेजारी सासूबाई. मधल्या ओळीतली मधली जागा रिकामी. लेक गाडीत नसली तरी बूस्टरला बेल्ट लावून ठेवतो, नाहीतर जोरात ब्रेक लागला की ते उडतं.

सासरे उंच आहेत म्हणून त्यांना तिसऱ्या ओळीत बसवत नाही. तिथे सीट जमिनीला जवळ, त्यामुळे गुडघे वर येतात, माणूस पुढे घसरतो आणि बेल्टचा खालचा पट्टा पोटावर चढतो. १९५९ साली व्होल्वोचे अभियंते निल्स बोलीन यांनी तीन बिंदूंचा बेल्ट आणला, त्याचं मर्मच हे की धक्का कमरेच्या आणि छातीच्या हाडांनी सोसावा. पोटावरचा पट्टा आतल्या अवयवांना इजा करू शकतो. बूस्टरही त्यासाठीच: मुलाला उंच करून पट्टा कमरेवर आणि खांद्यावर आणायला. युरोपीय नियमांत १५० सेंमी उंचीपर्यंत ते लागतं, काही देशांनी ही मर्यादा १३५ वर आणली आहे. त्यामुळे लेकीचं वय विचारून बूस्टर काढायचा सल्ला मी ऐकत नाही, उंची मोजते.

नणंद बरोबर यायची असली की घरात दर वेळी चर्चा होते. "बाळाला मी मांडीवर घेते, तेवढीच जागा होईल," असं सासूबाई मायेनं म्हणतात. मी त्यांना हिशोब सांगितला. ताशी ५० किमी वेगानं जाणारी गाडी सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर १० किलोच्या बाळाला धरून ठेवायला सुमारे १४० किलोचा जोर लागेल. एवढी ताकद कुणाच्याच हातात नसते. एका बेल्टमध्ये दोन मुलं बसवणंही आमच्याकडे बंद आहे, कारण धक्क्यात ती एकमेकांवरच आदळतात. आता नणंद आली की दुसरी गाडी निघते. वाद पूर्ण मिटलेला नाही, पण नियम मोडलेला नाही.

सात मोठी माणसं बसवायची तर वजनाचाही विचार हवा. प्रत्येकी ७० किलो धरले तरी ४९० किलो होतात आणि सामानासाठी मुभा थोडीच उरते. गाडीच्या दारापाशी किंवा पुस्तिकेत कमाल वजन आणि भरलेल्या गाडीसाठी टायरमधल्या हवेचा दाब दिलेला असतो, तो आम्ही निघण्याआधी पाहतो. तिसरी ओळ उघडी असली की डिकीत जागा फारच कमी राहते, आणि बॅगा माणसांच्या डोक्यामागे रचायच्या नाहीत हे आम्ही ठरवूनच टाकलंय.

घेणाऱ्यांनी शोरूममध्ये आपल्या चाइल्ड सीट घेऊन जा, लावून बघा आणि त्या लावलेल्या असताना प्रत्येक बकल हाताला लागतं का ते तपासा. बाजूचे पडदा एअरबॅग (धडकेत खिडक्यांवर पडद्यासारखे उघडणारे) तिसऱ्या ओळीपर्यंत पोचतात का, हेही विचारा. सगळ्या गाड्यांत ते पोचत नाहीत.