लिनक्स बूटला अडकत होतं, दोन्ही डिस्क ठणठणीत निघाल्या (लॅमिंग्टन रोडच्या दुकानाचा अनुभव)

तुमचं लिनक्सचं मशीन बूट होताना अडकत असेल आणि कोणी सांगितलं असेल की हार्ड डिस्क गेली, तर डिस्क रिकव्हरीला देण्याआधी एकदा या दुकानात जा. मी मनापासून सांगतेय, कारण आमच्याकडच्या दोन डिस्क "गेल्या" असं आधी एका ठिकाणी सांगून झालं होतं, रिकव्हरीचा जो आकडा सांगितला तो ऐकून आम्ही सगळे गप्प बसलो, आणि इथे त्याच डिस्क एक स्क्रू न उघडता परत चालू झाल्या.

आमचं काम सांगते म्हणजे कळेल डेटा कसला होता. आम्ही एकांकिका आणि हौशी नाटकं शूट करतो, दादरला एक खोली आहे, तिथे डेबियनचं (लिनक्सचा एक प्रकार) एक मशीन आणि त्यात ४ टीबीच्या चार डिस्क रेड ५ मध्ये (चौघी मिळून एकच मोठी डिस्क, म्हणजे ॲरे, त्यात एकीइतकी जागा राखीव), म्हणजे वापरायला साधारण १२ टीबी. कॉलेजच्या मुलांनी बसवलेल्या एकांकिका स्पर्धा झाली की संपतात, सेट मोडतात, मुलं नोकरीला लागतात, कित्येकांची दुसरी कॉपी कुठेच नाही. त्यामुळे हा डेटा आमच्यासाठी फक्त फाइली नाहीत.

मदरबोर्डला पोर्ट कमी, म्हणून दोन डिस्क बोर्डावर आणि दोन एका साध्या बिनब्रँडच्या साटा कार्डावर (डिस्कसाठी जादा पोर्ट देणारं कार्ड) होत्या. सिस्टिम वेगळ्या एनव्हीएमईवर (छोटी एसएसडी). बायोस (मदरबोर्डचं स्वतःचं सॉफ्टवेअर) अपडेट झालं आणि पुढच्या बूटला स्क्रीनवर सुरू झालं, आधी लिंक अप ६ जीबीपीएस, मग क्यूसी टाइमआउट (कमांडला वेळेत उत्तर नाही), मग फेल्ड टू आयडेंटिफाय (डिस्कने ओळख दिली नाही), पुन्हा रीसेट, वेग ३ वर, पुन्हा टाइमआउट, आणि शेवटी कर्नलने (लिनक्सचा गाभा) दोन्ही डिस्क सोडूनच दिल्या. त्यानंतर सिस्टिमडी (बूटला सगळं सुरू करणारा प्रोग्रॅम) दीड मिनिट डिस्कची वाट बघत बसतं आणि मग इमर्जन्सी मोड, रूटचा पासवर्ड द्या. रेड ५ मध्ये एक डिस्क गेली तर चालतं, दोन गेल्या की ॲरे उभाच राहत नाही.

इथल्या दादांनी सगळं ऐकून घेतलं आणि पहिलं वाक्य हे बोलले, "ताई, दोन डिस्क एकाच बूटला एकदम मरत नाहीत सहसा. दोन्ही एकाच कार्डावर आहेत ना?" मी हो म्हटलं. "मग आधी कार्ड बघू. आणि घरी कोणी एफएससीके (फाइलसिस्टिम दुरुस्तीचं) चालवलंय का, ॲरे नव्याने क्रिएट केलाय का?" नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा जरा सैल झाला. त्यांनी सांगितलं की लोक घाबरून एमडीएडीएमची (लिनक्सवर रेड सांभाळणारं टूल) क्रिएट कमांड मारतात, डिस्कचा क्रम किंवा चंक साइज (डेटाच्या तुकड्यांचा आकार) चुकली की जो डेटा वाचला असता तोही हातचा जातो. असेंबल (आहे तोच ॲरे जोडणं) करायचं, क्रिएट (नवा बनवणं) नाही. हे एवढं जरी कोणी वाचून लक्षात ठेवलं तरी माझा रिव्ह्यू लिहून झाला असं समजेन.

मग त्यांनी कार्डावरच्या दोन्ही डिस्क काढून स्वतःच्या बेंचवरच्या मशीनला लावल्या आणि स्मार्ट (डिस्कने स्वतः ठेवलेली तब्येतीची नोंद) काढलं. रीअलोकेटेड सेक्टर (खराब म्हणून बदललेले) शून्य, पेंडिंग (संशयित) शून्य. खाली १९९ नंबरचा एक ॲट्रिब्यूट असतो, सीआरसी एररचा (वाटेत बिघडलेल्या डेटाचा), तो बोट ठेवून दाखवला, हा आकडा वाढत असेल तर आधी केबलवर संशय घ्यायचा, इथे तोही शून्य होता. नंतर चारही डिस्कवर एमडीएडीएम एक्झामिन चालवून इव्हेंट्सचा आकडा (ॲरेत बदल झाला की वाढतो तो) एका कागदावर एकाखाली एक लिहिला, चारही ठिकाणी तोच आकडा. म्हणजे डिस्क दिसेनाशा झाल्यापासून ॲरेवर एक अक्षरही लिहिलं गेलं नव्हतं, चौघी एकाच ठिकाणी थांबलेल्या. तो कागद त्यांनी मला दिला, माझ्याकडे अजून आहे.

खरा शोध यापुढे लागला आणि तो मला बाजूला स्टुलावर बसवून समजावला, जे मुंबईत दुकानदार सहसा करत नाही कारण मागे लाइन असते. डिस्क परत आमच्या मशीनला लावल्या, ग्रबच्या (बूटच्या सुरुवातीला येणाऱ्या) मेनूत ई दाबून लिनक्सने सुरू होणाऱ्या ओळीतलं क्वाएट (मेसेज लपवणारा शब्द) काढून टाकलं आणि कंट्रोल-एक्सने बूट केलं. आता सगळे मेसेज दिसायला लागले, आणि त्यात टाइमआउटच्या अगोदर एक डीमारची (मेमरीकडे जाणाऱ्या डेटावरच्या पहाऱ्याची) ओळ, रिक्वेस्ट डिव्हाइस ०३:००.१, फॉल्ट. मग त्यांनी मलाच एलएसपीसीआय (मशीनमधल्या कार्डांची यादी दाखवणारी कमांड) टाइप करायला लावलं. यादीत ०३:००.० होतं (शेवटचा आकडा फंक्शनचा, म्हणजे कार्डाच्या उपविभागाचा), ०३:००.१ नावाचं काहीच नव्हतं.

घोळ असा होता की या कार्डावरची चिप डिस्ककडून आलेला डेटा मेमरीत टाकताना स्वतःचा पत्ता चुकीचा सांगते, स्वतः फंक्शन ० असून फंक्शन १ म्हणून विनंती पाठवते. आयओएमएमयू (कुठलं कार्ड मेमरीत कुठे लिहितंय ते तपासणारा भाग) बंद असेपर्यंत हे कोणी तपासत नाही, त्यामुळे कार्ड मजेत चालतं. आमच्या बायोस अपडेटने व्हीटी-डी (इंटेलच्या आयओएमएमयूचं नाव) चालू केलं, आयओएमएमयू जागं झालं, आणि सोसायटीचा वॉचमन जसा रजिस्टरमध्ये नसलेल्या फ्लॅटचं नाव सांगणाऱ्याला गेटवरूनच परत पाठवतो तसं त्याने या कार्डाला अडवलं. डिस्क बिचारी आयडेंटिफायला उत्तर देत होती, ते उत्तर मेमरीत पोचत नव्हतं. कर्नल ५ सेकंद थांबतं, मग १०, मग ३०, आणि डिस्क बोलत नाही असं ठरवून मोकळं होतं. अशा चुकार चिप्सची एक यादी कर्नलच्या सोर्समध्ये पीसीआय क्वर्क्सच्या फाइलमध्ये आहे, यादीतल्या चिपसाठी कर्नल स्वतःच सांभाळून घेतं, पण आमच्या कार्डाचा आयडी त्यात नव्हता.

पुन्हा बूट, या वेळी त्याच ओळीच्या शेवटी इंटेल_आयओएमएमयू=ऑफ. मी श्वास धरून बसले होते. लॉगिन आलं, दादांनी एमडीस्टॅट (ॲरेची स्थिती दाखवणारी फाइल) उघडलं आणि चौकोनी कंसात ओळीने चार यू, [यूयूयूयू]. चारही डिस्क वर! एखादी नसती तर तिथे अंडरस्कोर दिसतो. मला खरंच रडायला आलं.

आधी मी स्वतः आयओएमएमयू=पीटी (पासथ्रू, म्हणजे न तपासता सोडणं) करून बघितलं होतं, सगळीकडे तेच सुचवतात, आमच्या बाबतीत त्याने काही फरक पडला नाही. दादा म्हणाले पडणारच नव्हता, ज्या फंक्शनची नोंदच नाही त्याला पासथ्रू तरी कोण देणार.

यानंतर ते दोन डिस्क मला सहज विकू शकले असते. त्याऐवजी म्हणाले आधी कॉपी काढा, रेड म्हणजे बॅकअप नाही, आणि कॉपी हातात येईपर्यंत कार्ड बदलायचंही नाही. ८ टीबीची एक एक्स्टर्नल घेतली, रात्रभर कॉपी चालली. मग एएसएम११६६ चिपचं सहा पोर्टचं कार्ड घेतलं, ते नेहमीच्या एएचसीआय ड्रायव्हरवरच चालतं, वेगळं काही टाकावं लागत नाही. ही चिप पीसीआयई ३.० च्या दोन लेनची (डेटाच्या वाटा) आहे, त्यामुळे फोटो काढून आणलेल्या बोर्डावर कुठल्या स्लॉटला खरंच दोन किंवा जास्त लेन येतात ते त्यांनी मॅन्युअलमधून शोधून दिलं, लांब दिसणारा प्रत्येक स्लॉट आतून लांब असतोच असं नाही. नवीन कार्डावर व्हीटी-डी चालू ठेवूनही सगळं नीट येतं, आणि ते चालूच असलेलं बरं कारण कुठलंही कार्ड मेमरीत मनाला येईल तिथे लिहू शकत नाही.

शिवाय न सांगता एक काम केलं, एफएसटॅबमध्ये (बूटला कुठल्या डिस्क जोडायच्या ती फाइल) ॲरेच्या ओळीत नोफेल आणि डिव्हाइस टाइमआउट १० सेकंद टाकलं. आता उद्या डिस्क नाही दिसल्या तरी मशीन इमर्जन्सीत न जाता वर येईल आणि आत जाऊन बघता येईल. आमचं मशीन एका कोपऱ्यात मॉनिटरशिवाय असतं, त्यामुळे याचं मोल मला जास्त.

कमी काय आहे तेही लिहिते. दुकान वरच्या मजल्यावर, लिफ्ट नाही, टॉवर कॅबिनेट घेऊन जिना चढणं म्हणजे घाम निघतो. शनिवारी जाऊ नका, दादांना बोलायला वेळ मिळत नाही आणि काउंटरवरचा मुलगा विंडोजपलीकडे फार काही सांगू शकत नाही. दर लिहून लावलेले नाहीत, तपासणीचे पैसे आधी विचारून घ्या, आमचे ५०० घेतले आणि कार्ड घेतल्यावर त्यातून वजा केले. कार्डाचा स्टॉक मोजकाच असतो, फोन करून जा.

ग्रँट रोड स्टेशनवरून पूर्वेला उतरलं की चालत जाण्याइतकंच आहे, पावसात मात्र कॅबिनेट प्लास्टिकमध्ये गुंडाळूनच न्या. जाताना बूटच्या मेसेजचे फोटो न्या, क्वाएट काढून घेतलेले, आणि कुठली डिस्क कुठल्या पोर्टला होती ते केबलवर चिकटपट्टी लावून लिहा, डिस्कचा सिरीयल नंबरही. जुनं कार्ड मागितलं तर परत देतात. बिल जीएसटीसकट मिळतं पण मागावं लागतं, ते घ्याच, कार्डाची वॉरंटी त्यावरच आहे.