आठ दिवसांची मौन रिट्रीट: कशी असते, कुणी करावी

वसईच्या धर्मग्रामांत (एकेका चर्चच्या परिसरात) उपवासकाळातली रिट्रीट, म्हणजे प्रार्थनेसाठी वेगळे काढलेले दिवस, सगळ्यांना माहीत आहे. संध्याकाळी माणसं जमतात, प्रवचन होतं, गायन होतं, शेवटी आराधना. मी लिहिते आहे ती रिट्रीट वेगळी. जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाच्या फादरांच्या घरी (रिट्रीट हाऊसमध्ये) आठ दिवस राहायचं, पूर्ण मौन पाळायचं, रोज चार-पाच वेळा एकेक तास एकट्याने प्रार्थनेला बसायचं आणि दिवसातून एकदा मार्गदर्शकाला भेटून प्रार्थनेत काय घडलं ते सांगायचं. रोज मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) असते. प्रवचनं नसतात. घराचं नाव देत नाही, कारण मला खोल्यांबद्दल आणि जेवणाबद्दल फारसं सांगायचं नाही (साधं, स्वच्छ, पुरेसं). सांगायचं आहे ते पद्धतीबद्दल, आणि ती कुठेही गेलात तरी तीच: जेझुइट संघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांनी घालून दिलेली आणि १५४८ साली पोप तिसरे पॉल यांनी मान्य केलेली. मूळ साधना साधारण तीस दिवसांची आहे. नोकरी-घर सांभाळणाऱ्यांसाठी तीच आठ दिवसांत बसवतात.

मी गेले ती एक प्रश्न घेऊन. आईच्या पश्चात आमची वाडी माझ्या आणि भावाच्या नावावर आली. बावखल (गोड्या पाण्याचं तळं), केळी, कुंपणाला लागून सोनचाफा. भावाला पैशाची निकड होती, त्याला विकायची होती. मला ठेवायची होती. मी सहकारी बँकेत कर्जविभागात काम करते, त्यामुळे आकडे मांडणं हा माझा रोजचा उद्योग. वाडी ठेवण्याच्या बाजूने मी इतके मुद्दे काढले होते की भाऊ माझ्यापुढे बोलेनासा झाला. ज्याला सांगावं तो म्हणे, ‘देवावर सोपव.’ पण सोपवायचं म्हणजे नेमकं करायचं काय? सकाळी उठून कुठला कागद उचलायचा, कुणाला फोन करायचा? नीतिसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायातलं वचन आपल्याकडे घरोघरी भिंतीवर असतं: मनापासून परमेश्वरावर भरवसा ठेव, स्वतःच्या बुद्धीवर विसंबू नकोस. ते पाळायची रीत मला कुणी शिकवली नव्हती. या आठ दिवसांत ती मिळाली, म्हणून हे लिहायला बसले.

पहिली गोष्ट, इथे बुद्धी बंद ठेवायला सांगत नाहीत. आपल्यात काही जण बायबल कुठेही उघडून बोट ठेवतात आणि तिथलं वचन म्हणजे उत्तर समजतात. मार्गदर्शक फादरांनी यावर इग्नेशियसचीच गोष्ट सांगितली. नुकताच देवाकडे वळलेला हा सरदार खेचरावरून चालला होता. वाटेत भेटलेल्या प्रवाशाने पवित्र मरियेच्या कौमार्याबद्दल शंका घेतली आणि पुढे निघून गेला. त्याच्यामागे जाऊन सुरा खुपसावा की सोडून द्यावं, हे इग्नेशियसला ठरवता येईना. शेवटी फाट्यावर त्याने खेचराचा लगाम सैल सोडला. ते गावाकडे वळलं तर मारायचं, हमरस्त्याने गेलं तर सोडायचं. खेचर हमरस्त्याने गेलं. पुढे याच माणसाने निर्णयाचे जे नियम लिहिले त्यांत लगाम असा सोडून देणं कुठेच नाही. मला हे फार मोलाचं वाटलं. देवाच्या हाती देणं आणि नशिबावर टाकणं यांत अंतर आहे.

त्याचे नियम जन्मले ते आजारपणात. १५२१ साली पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने त्याचा पाय मोडला आणि लोयोलाच्या वाड्यात तो कित्येक महिने खिळून पडला. वाचायला शूरवीरांच्या कथा मागितल्या, पण घरात होतं ते ख्रिस्ताचं चरित्र आणि संतांची चरित्रं. पडल्यापडल्या तो दोन्ही प्रकारची स्वप्नं बघे. दरबार आणि पराक्रमाची स्वप्नं रंगत तोवर गोड, मागाहून मन कोरडं. संतांसारखं जगायचं मनात आलं की तो आनंद नंतरही टिके. हा फरक त्याने पकडला. सगळी पद्धत यावरच उभी आहे: एखाद्या विचाराने मन कुठे नेलं, आणि तो विचार सरल्यावर मागे काय उरलं, हे देवासमोर बसून पाहायचं. म्हणून तर प्रत्येक तासानंतर पाव तास वहीत नोंद करायची असते.

मी ते बँकेतल्या शिस्तीने केलं. वाडी ठेवल्याचं चित्र मनात आणलं की अंगात ऊब येई. गावात लोक म्हणतील, हिने वडिलोपार्जित जमीन राखली. तास संपला की ती ऊब जाई आणि मागे तणतण उरे, भावाला द्यायची उत्तरं मनात घोळत राहत. वाडी गेल्याचं चित्र आणलं की डोळ्यांत पाणी येई. पण नंतर जेवायला बसताना, अंगणात चालताना मन शांत असे. दुःख असूनही शांत. वहीत हे पुन्हा पुन्हा उतरलं तेव्हा मी चक्रावले, कारण मी उलट गृहीत धरून आले होते. माझे आकडे सगळे बरोबर होते. ते मांडणारा हात कशाला धरून बसला आहे, एवढंच त्या कागदावर नव्हतं.

मी फादरांना सरळ विचारलं, ‘फादर, मग विकू?’ त्यांनी उत्तर दिलं नाही. तेव्हा राग आला. नंतर कळलं की मार्गदर्शकाने तराजूच्या काट्यासारखं मधोमध राहायचं, कुठल्याच बाजूला झुकायचं नाही आणि देवाला त्या माणसाशी थेट वागू द्यायचं, असा इग्नेशियसचाच दंडक आहे. या सेवेतली सर्वांत उत्तम गोष्ट मला विचाराल तर हीच. सल्ला देणारी माणसं आपल्याकडे उदंड आहेत. आपल्या आणि देवाच्या मधून बाजूला होणारा माणूस मला क्वचितच भेटला आहे.

मधल्या काळात एक दिवस अगदी वाईट गेला. प्रार्थना कोरडी, देव कुठेच नाही, बॅग भरावी आणि घर गाठावं असं वाटलं. त्यासाठीही नियम आहे: मन विषण्ण असताना आधी ठरवलेलं काहीही बदलायचं नाही, आणि तासभर बसायचं ठरवलं असेल तर उलट थोडं जास्तच बसायचं. हा एक नियम तरी प्रत्येक धर्मग्रामात शिकवावा असं मला मनापासून वाटतं. किती नाती, किती नोकऱ्या माणसं अशाच एका दिवशी सोडून देतात.

त्या दिवशी चालताना मला आपले संत गोन्सालो गार्सिया आठवले. वसईत जन्मलेला मुलगा, जेझुइट फादरांच्या हाताखाली शिकला, त्यांच्याबरोबर जपानला गेला, त्यांच्याच संघात यायची त्याची इच्छा होती. त्याला घेतलं नाही. व्यापार केला, मनिलाला पोचला, तिथे फ्रान्सिस्कन या दुसऱ्या संघात ब्रदर झाला. जपानी भाषा येत होती म्हणून पुन्हा जपानला गेला आणि १५९७ साली ५ फेब्रुवारीला नागासाकीला क्रुसावर हुतात्मा झाला. १८६२ साली चर्चने त्याला संत म्हणून घोषित केलं. लहानपणापासून त्यांच्या सणाला जाते, पण मधली ती नकाराची वर्षं कशी काढली असतील हा विचार तोवर कधी केला नव्हता. पुढचा रस्ता दिसत नसताना तो माणूस समोर आलेलं काम इमानाने करत राहिला.

शेवटच्या दिवसांत निर्णय देवापुढे ठेवायचा आणि त्याची शांती टिकते का ते पाहायचं असतं. इथे बुद्धीला पुन्हा बोलावतात: दोन्ही बाजूंचे फायदे-तोटे लिहायचे, अगदी अनोळखी माणसाला आपण काय सांगितलं असतं ते पाहायचं, मरणाच्या क्षणी काय केलेलं आवडेल ते पाहायचं. माझी यादी तीच होती, वजनं बदलली होती. त्यानंतरची प्रार्थना इग्नेशियसने लिहिली आहे. तिच्यात माणूस आपलं स्वातंत्र्य, स्मरण, बुद्धी आणि इच्छा सगळं देवाला परत करतो. ‘बुद्धी’ म्हणताना माझा आवाज अडला. पण म्हटलं. वाडी आम्ही विकली, गावातल्याच एका बागायतदाराला. भाऊ आता रविवारी मिस्सेनंतर घरी येतो.

आता उणिवा. मराठीतून मार्गदर्शन मागून घ्यावं लागतं. न मागितल्यास इंग्रजीत होण्याचा संभव जास्त, आणि मनातलं दुःख परक्या भाषेत सांगताना अर्धं राहून जातं. आठ दिवसांची रजा, घरी म्हातारी माणसं, मुलांच्या परीक्षा, हे बायकांना किती अवघड आहे याचा विचार रिट्रीट हाऊस चालवणाऱ्यांनी करायला हवा. इग्नेशियसने स्वतःच घरी राहून रोज थोडा वेळ काढून करायच्या साधनेची सोय ठेवली आहे. ती आपल्या धर्मग्रामांतून मराठीत सुरू झाली तर शंभर घरांना उपयोग होईल. आणि मन फार खचलेलं असेल, झोप उडाली असेल, तर आधी डॉक्टरांकडे जावं. इतकं मौन त्या अवस्थेत झेपत नाही. फादरही पहिल्या भेटीत हे विचारतात.

पहिल्यांदाच करणाऱ्यांनी दोन-तीन दिवसांची रिट्रीट आधी करून पाहावी. फोन पहिल्याच संध्याकाळी जमा करून टाका आणि घरी तातडीसाठी रिट्रीट हाऊसचा नंबर देऊन ठेवा. बायबल मराठीच न्या, जाड वही न्या, चालायला चपला बऱ्या घ्या. शुल्क प्रत्येक रिट्रीट हाऊसचं वेगळं असतं. परवडत नसेल तर तसं स्पष्ट सांगा, आमच्या गटात काही जणांना सवलत मिळाली होती. सुट्ट्यांच्या दिवसांत जागा लवकर भरतात, तेव्हा नोंदणी आधीच करा आणि त्याच फोनवर मराठी बोलणारे मार्गदर्शक मागून घ्या.