वाशीच्या दाणाबाजारातलं तयार शिधा-किट: नावाला आठवड्याचं, पोटाला चार दिवसांचं

पूर आला, दरड कोसळली की ठाणे-नवी मुंबईतली मंडळं आणि सोसायट्या मदतीचं सामान घ्यायला वाशीच्या एपीएमसीत, म्हणजे बाजार समितीच्या घाऊक बाजारात, धाव घेतात. तिथल्या एका घाऊक दुकानात बांधून तयार मिळणाऱ्या किटबद्दल हे लिहितोय. दुकानाचं नाव मुद्दाम देत नाही, कारण असंच किट थोड्याफार फरकाने इतरत्रही मिळतं.

आत असतं ते असं: ५ किलो तांदूळ, २ किलो कणीक, २ किलो तूरडाळ, १ लिटर तेल, १ किलो साखर, १ किलो मीठ, चहा, हळद, तिखट, दोन साबण, मेणबत्त्या आणि क्लोरिनच्या गोळ्यांची एक पट्टी. वर छापलंय, ‘पाच जणांचं कुटुंब, सात दिवस’.

मालाला नाव ठेवायला जागा नाही. तांदूळ निवडलेला, डाळ ताजी. गोम आहे ती हिशेबात. आपत्तीतल्या मदतीसाठी जगभरच्या मदतसंस्था वापरतात ती ‘स्फिअर’ मानकं माणशी रोज २,१०० किलोकॅलरी धरतात, म्हणजे पाच जणांना दिवसाला १०,५००. या किटात तांदळातून साधारण १७,५०० मिळतात, कणीक-डाळीतून १३,६००, तेलातून ८,२०० आणि साखरेतून ३,९००. बेरीज ४३,२००. चार दिवस कसेबसे निघतात आणि पाचव्या दिवशी सकाळचा चहा. खरंच आठवडा काढायचा तर ५ किलो तांदूळ, १ किलो डाळ आणि १ लिटर तेल वाढवा. तेल अजिबात विसरू नका. वजनाच्या मानाने सर्वाधिक ऊर्जा त्यातच असते आणि किट स्वस्त करताना कात्री आधी त्यालाच लागते.

एवढं भरलं की वजन २० किलोच्या घरात जातं. मग दहा-दहा किलोच्या दोन पिशव्या करा. जुलै २०२३ मध्ये रायगड जिल्ह्यातल्या इर्शाळवाडीला दरड कोसळली तेव्हा वाडीपर्यंत गाडीरस्ताच नव्हता, सगळं डोंगर चढून न्यावं लागलं. २० किलोची गोणी तिथे कोण उचलणार?

दुसरी उणीव चुलीची. पाणी ओसरल्यावर पहिले दोन-तीन दिवस गॅस नसतो, लाकडं ओली असतात, भांडी चिखलात गेलेली असतात. अशा वेळी कच्चा तांदूळ नुसता बघत बसायचा. पातळ पोहे २ किलो, गूळ, भाजलेले शेंगदाणे, राजगिऱ्याचे लाडू असं वेगळं छोटं पुडकं सांगून बांधून घ्या. दुकानदार देतो, फक्त मागावं लागतं. कोकणात पाठवायचं असेल तर कणकेऐवजी तांदूळच वाढवा. कणीक दमट हवेत लवकर खराब होते आणि पोळपाट-तवा नसेल तर निरुपयोगी.

बांधणीला मात्र पाचपैकी दोनच गुण. सगळा माल एका पातळ प्लास्टिक पिशवीत कोंबलेला असतो. तेलाच्या पाउचला मेणबत्त्यांच्या खोक्याचा कोपरा लागतो, टेम्पोत वर दुसरी किटं रचली की पाउच फुटतं आणि तांदूळ बाद. साबण चहाशेजारी ठेवला तर चहाला साबणाचा वास लागतो आणि तो कोणी पीत नाही. तेल बाटलीत किंवा दुहेरी पिशवीत घ्या, साबण वेगळा, बाहेरून विणलेली गोणी. मेणबत्त्या आहेत पण काडेपेटी नाही, हे तर अगदी हमखास. ती घाला आणि झिपच्या पिशवीत घाला. सॅनिटरी पॅड किटात नसतातच. ते कागदात गुंडाळून वेगळे द्या, म्हणजे बाईला चारचौघांत संकोच वाटत नाही.

क्लोरिनच्या पट्टीवर इंग्रजीत बारीक अक्षरं, त्यामुळे गोळ्या पडून राहतात. ६७ मिलिग्रॅमची एक गोळी २० लिटर स्वच्छ पाण्याला असते. घरात बादली १३ किंवा १६ लिटरची असते. त्यात अख्खी गोळी टाकली की वास उग्र येतो आणि लोक पाणी ओतून देतात. म्हणून २० लिटरचा झाकणाचा डबा किंवा कॅन सोबत द्या आणि मराठीत चार ओळींची चिठ्ठी: पाणी गढूळ असेल तर आधी तुरटी फिरवा, निवळू द्या, फडक्याने गाळा, गोळी टाका, अर्धा तास झाकून ठेवा, मगच प्या. गाळूनही गढूळच राहिलं तर दोन गोळ्या.

ऑर्डर देताना छापील किट न घेता स्वतःची यादी द्या. सेवेत दुकान इथेच खरं उतरतं: यादीबरहुकूम बांधून देतात, कुरकुर करत नाहीत. भाव आणि हमाली मात्र आधी ठरवून घ्या. माल चढण्याआधी दर वीस किटांमागे एक फोडून काट्यावर ठेवा. प्रत्येक किटातलं डाळीचं एक किलोचं पाकीट जरी नऊशे ग्रॅम भरलं तरी दोनशे किटांत २० किलो डाळ गेली. पाकिटांवरच्या तारखा बघा, मुदत संपत आलेला माल अशा मोठ्या ऑर्डरीत सरकवला जातो. छोटा हत्ती साधारण पाऊण टन घेतो, म्हणजे २० किलोची पस्तीसेक किटं. त्यापुढे मोठाच टेम्पो सांगा आणि निघण्याआधी तिथल्या तहसील कार्यालयाला फोन करून घाट उघडा आहे का आणि कोणत्या गावाला अजून काही पोचलेलं नाही ते विचारा.